पूजेतला पाना

माझं वय त्रेपन्न. मुलींच्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवते आणि शाळेला जाते ती वडिलांच्या फटफटीवरून. साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची, गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असलेली जुनी गाडी. राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीतून ती निघाली की वरच्या मजल्यावरच्या माणसांनाही किती वाजले ते कळतं. पोरी पाठीमागं मला ‘धडधड बाई’ म्हणतात. मला त्याचा राग येत नाही. राग येण्यासारख्या दुसऱ्या पुष्कळ गोष्टी आहेत, आणि मी तो त्यांच्यासाठी राखून ठेवते.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. अण्णा उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत टर्नर होते. सगळी नोकरी त्यांनी लेथसमोर उभं राहून काढली. रिटायर होऊन आता बावीस वर्षं झाली. गडमुडशिंगीच्या शिवारात आमचं दीड एकर रान आहे, ते चुलतभाऊ वाट्यानं करतो. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. गाडी चालवायला मला अण्णांनीच शिकवलं, मी अकरावीत असताना, त्याच शेताच्या वाटेवर. किक कशी मारायची ते सांगताना ते माझ्यावर ओरडले, मी त्यांच्यावर ओरडले, आणि आई बांधावर बसून शेंगा खात होती. तिनं आमच्याकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला एकाच आठवड्यात दोन गोष्टी कळल्या. पहिली डोळ्यांच्या दवाखान्यात. अण्णांना काचबिंदू होता. उजवा डोळा आधीच गेला होता, आणि ते त्यांनी कुणाला जाणवू दिलं नव्हतं. डाव्या डोळ्याला समोरचं तेवढं दिसायचं, कडेचं सगळं मिटत आलं होतं. ‘गेलेलं परत येणार नाही. राहिलंय ते थेंबांनी धरून ठेवायचा प्रयत्न करू,’ डॉक्टर म्हणाले. किती दिवस, असं मी विचारलं. वर्षभर, कदाचित कमी, सांगता येत नाही, असं त्यांचं उत्तर.

दुसरी गोष्ट दोन दिवसांनी. शाळेतून येताना गाडीच्या पोटातून ठक ठक आवाज यायला लागला. अॅक्सिलेटर सोडला की जास्त, दिला की कमी. मी तशीच हळूहळू उद्यमनगरात मिस्त्रींकडं नेली. मिस्त्री सत्तरीला आलेले, पत्र्याच्या शेडात एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि जुन्या गाड्यांचा ढीग घेऊन बसतात. शुक्रवारी दुपारी नमाजाला जाताना शटर अर्धं ओढतात, पुरं बंद करत नाहीत. त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकलं.

‘मॅडम, आवाज खालनं हाय. क्रँकचं बेरिंग गेलंय. इंजन उतरावं लागतंय.’

‘किती दिवस?’

‘आता जुनी गाडी म्हंजे कसं सांगायचं? सामान मिळंल तसं.’

घरी येऊन मी अण्णांना सांगितलं. मला वाटलं, ते बेरिंगबद्दल विचारतील. ते पलंगावर बसून पायमोजे घालत होते. एक मोजा घालून झाल्यावर म्हणाले, ‘दसऱ्याला शेत बघायचं हाय मला. डोळा हाय तवर. त्येच्या आत गाडी कर.’

शेत बघायला फटफटीच कशाला हवी, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं, आणि मी इतर उपाय करून पाहिले. मोटारीत बसलं की अण्णांना मळमळतं. रिक्षा केली तर ती ओढ्याच्या अलीकडं थांबली. पुढची अर्धा किलोमीटरची वाट ढेकळांची. अण्णा चालत निघाले, पडले, गुडघा सोलवटून घेतला आणि शेत न बघताच परत आले. मग मी शेजारणीची स्कूटर मागून आणली. तिची चाकं बारकी. बांधावर ती एका बाजूला कलायला लागली, मी पाय टेकवला तिथं जमीनच नव्हती, आणि आम्ही दोघं अगदी सावकाश, मोठ्या मानानं पाटाच्या चिखलात बसलो. फटफटीची चाकं मोठी, वजन खाली. त्या वाटेवरून ती कधी घसरलेली मला आठवत नाही.

आणि दसराच का, हेही मला माहीत होतं. उन्हाळ्यात शेत बघण्यात अण्णांना गोडी नव्हती. ‘नांगरल्यालं रान काय बघायचं? ढेकळंच की,’ ते म्हणायचे. दसऱ्याला सगळं उभं असतं. ऊस डोक्याच्या वर, सोयाबीन काढायला आलेलं, ओढ्याला पाणी. त्यांना ते एकदा नीट बघून ठेवायचं होतं. एवढंच काम होतं आणि त्याला नऊ महिने होते. मला वाटलं, पुष्कळ झाले.

मार्चमध्ये इंजिन उघडलं. मिस्त्रींनी अण्णांना मुद्दाम बोलावलं. डांबरी रस्ता असल्यामुळं मी त्यांना स्कूटरवरून नेलं. शेडात मिस्त्रींनी लाकडी पाटावर क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा, मांडला होता आणि त्यातून काढलेलं एक पितळी रंगाचं कडं अण्णांच्या तळहातावर ठेवलं.

‘अण्णा, ह्यो बुश कंपनीचा न्हाई. कुणी केला?’

अण्णांनी ते कडं अंगठ्यानं आतून बाहेरून चाचपलं. त्याच्यावर तेलासाठी पाडलेल्या बारीक खाचा होत्या. त्यांवरून त्यांनी नख फिरवलं.

‘मी केलता,’ ते म्हणाले. ‘कागलजवळ इंजन जाम झालतं. ही बारकी हुती तवा. सामान पुण्याला बी नव्हतं. फौंड्रीत गनमेटलचा तुकडा पडला हुता, त्येचा केला. म्हटलं, सामान येईस्तवर चालंल.’

‘मग?’

‘मग ऱ्हायलं.’

मिस्त्री हसायला लागले. ‘चाळीस वरीस तात्पुरतं चाललं की वो!’

मला मात्र हसू येईना. अण्णांनी जन्मभर गाडी ताशी चाळीसच्या वर पळवली नाही. हजार किलोमीटर झाले की ऑइल बदललं म्हणजे बदललंच, मग घरी पाहुणे असोत की माझी परीक्षा असो. आई म्हणायची, तुमच्या अण्णांची शिस्तच तशी. मी तर शाळेत पोरींना यंत्राची निगा शिकवताना अण्णांचं उदाहरण देत आले. आता कळलं की ती शिस्त नव्हती, धास्ती होती. आपण केलेलं कडं फुटेल आणि मागं बसलेली बायको-पोर रस्त्यावर पडतील, या भीतीनं तो माणूस चाळीस वर्षं चाळीसनं चालला. कुणाला बोलला नाही.

‘सांगायचं तरी,’ मी म्हणाले.

‘सांगून काय? तुमी बसायचं सोडलं असतं,’ अण्णा म्हणाले.

मिस्त्रींचा बेत पक्का होता. नुसतं दुरुस्त करून द्यायला ते तयार नव्हते. ‘आता उघडलंच हाय तर असं करू, की मॅडमनी रिटायर होईस्तवर परत उघडायला नको.’ बुश काढून तिथं रोलर बेरिंग. ऑइलच्या वाटेवर कागदी फिल्टर, म्हणजे कचरा परत आत जाणार नाही. दिव्याचा सगळा भाग सहा व्होल्टचा होता, तो बाराचा. ठिणगी पाडणारे जुने पॉइंट काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक डबी. आणि मागच्या सीटला धरायला लोखंडी कठडा, पाय ठेवायला रुंद पट्ट्या. शेवटचं त्यांनी स्वतःहून ठरवलं. अण्णांकडं बोट दाखवून मला हळूच म्हणाले, ‘त्यास्नी सोय पायजे.’

बाकीच्याला अण्णांनी मान डोलवली. पॉइंट काढायचं ऐकल्यावर मात्र ते ताठ झाले.

‘पॉइंट खराब झाला तर सँडपेपर मारून गाडी चालू हुती. ती डबी मेली की ही गाडी ढकलत येणार.’

‘अण्णा, डबी मरत न्हाई.’

‘सगळं मरतंय.’

दोघं अर्धा तास भांडले. मी मध्ये दोनदा बोलायचा प्रयत्न केला. गाडी मी चालवते, ढकलणार मी, तरी माझं कुणी विचारात घेईना. शेवटी डबी बसवायची आणि जुना पॉइंट फडक्यात गुंडाळून सीटखाली ठेवायचा असं ठरलं. दोघंही आपण जिंकल्यासारखे चहा प्यायले.

त्यानंतर महिने कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. रोलर बेरिंग आलं तर पिन बसेना. पिन नवी केली तर पिस्टन वेगळ्या मापाचा आला. जुलैत पावसाचं पाणी शेडात शिरलं आणि आठ दिवस त्यातच गेले. मी दर शनिवारी शाळा सुटल्यावर भांडायला जायची. मिस्त्री माझ्यापुढं स्टूल सरकवायचे, चहा मागवायचे आणि माझं सगळं ऐकून घेऊन म्हणायचे, ‘मॅडम, घाई केली तर परत उघडावं लागंल.’ मी चहा पिऊन निघायची. पण दर शनिवारी घरी आले की अण्णा एकच विचारायचे, ‘कुठवर आलं?’ आणि मला त्यांच्या तोंडाकडं बघवत नसे.

थेंब मी सकाळ-संध्याकाळ घालायची. घालून झाले की विचारायची, ‘दिसतंय का?’ ते म्हणायचे, ‘दिसतंय की.’ पेपर मी वाचून दाखवायची, ते हिवाळ्यापासूनच सुरू झालं होतं. सप्टेंबरात डॉक्टरांची तारीख होती. अण्णांनी सर्दीचं निमित्त काढलं, पावसाचं काढलं, आणि तारीख दिवाळीनंतर ढकलायला लावली. मला शाळेची घटक चाचणी होती, मीही फार ओढून धरलं नाही.

गणपती झाल्यावर क्रँक जमला. मिस्त्रींनी तो दोन टोकांवर टांगून फिरवला आणि अण्णांना बोट लावायला सांगितलं. अण्णांनी फिरत्या दांड्यावर बोटाचं टोक टेकवलं आणि म्हणाले, ‘डावीकडं केसभर वाकडं हाय.’ मिस्त्रींनी डायल लावून बघितलं. डावीकडं केसभर होतंच. तांब्याच्या हातोडीचे दोन ठोके देऊन त्यांनी ते काढलं. येताना स्कूटरवर अण्णा गुणगुणत होते. कितीतरी महिन्यांनी मी ते ऐकलं आणि मला फार बरं वाटलं.

अष्टमीला संध्याकाळी इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. तिसऱ्या किकला. आवाज तोच, फक्त खालची ठक ठक गेली होती आणि प्रत्येक ठोका स्वच्छ ऐकू येत होता. मिस्त्रींनी दहा मिनिटं चालवून बंद केलं. ‘आता ह्येला रातभर थंड हुंदे. सकाळी हेडचे नट परत आवळायचे, टॅपेट बघायचे, मग गाडी तुमची.’ नवं इंजिन एकदा तापून थंड झालं की हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, नट थोडे सैल पडतात. ते न आवळता गाडी पळवली तर झाकणाखालचं गॅसकेट जातं, आणि मग परत हेड काढा. म्हणजे गाडी मिळायला दिवाळी.

आता चूक कुणाची म्हणाल तर सगळ्यांचीच. दुसऱ्या दिवशी सकाळी खंडेनवमी. उद्यमनगरात त्या दिवशी अवजाराला हात लागत नाही, त्याची पूजा होते. मिस्त्रींच्या वडिलांपासून त्यांच्या शेडात ती होते, आणि आधी लेथ सजतो, मग बाकीचं. मिस्त्री सकाळी चहा पिऊन शेडात गेले तोवर त्यांच्या भावानं सगळे पाने घासून, ओळीनं मांडून, हळदी-कुंकू आणि झेंडू वाहून टाकले होते. मिस्त्रींनी मला फोन केला. आवाज पडलेला.

‘मॅडम, एक पाना बाहेर ठेवायचा इसरला बघा. आता हात लावता येत न्हाई. गाडी टेंपोतनं घरला पाठवतो. उद्या सकाळी पूजा उचलली की पाना घेऊन मीच येतो. तवर किक मारू नका.’

‘पाने आमच्या घरी पण आहेत,’ मी म्हणाले.

होते खरे. पण मी हे म्हणत होते तेव्हा अण्णा देवघरासमोर मांडी घालून त्यांचा सगळा संच रॉकेलनं पुसून पाटावर मांडत होते. माझी गाडीची हत्यारं, स्वयंपाकघरातली विळी, शिवणाची कात्री, माझा लॅपटॉप, सगळं. मी फोन ठेवेपर्यंत हळदी-कुंकू लागलं होतं. आणि आमच्या घरचा नियम मिस्त्रींच्याहून कडक. सोनं लुटून आल्याशिवाय, म्हणजे दसऱ्याची संध्याकाळ झाल्याशिवाय पूजा उचलायची नाही. लहानपणी मी एकदा त्यातली पेन्सिल उचलली म्हणून मला जेवण मिळालं नव्हतं.

त्या दिवशी भाजीसुद्धा हातानं मोडून केली.

दसऱ्याला अण्णा सकाळी आठ वाजता तयार. पांढरा सदरा, धोतर, टोपी. अंगणात गाडीशेजारी खुर्ची टाकून बसले. नऊ वाजले, दहा वाजले. मिस्त्रींना फोन केला तर मागं नुसता गोंगाट. दसऱ्याच्या दिवशी अख्ख्या गावाला आपली बंद गाडी चालू करून हवी असते. ‘निघतो, निघतो. दुपारनंतर नक्की.’

अण्णा म्हणाले, ‘दुपारनंतर ऊन कलतंय. सांजला काय दिसत न्हाई मला. उन्हात बघायचं हुतं.’ रागानं नाही, साधं सांगितल्यासारखं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

ते बघून माझं डोकं फिरलं. नऊ महिने त्या माणसानं वाट बघितली होती. पुढच्या दसऱ्याला त्यांना काही दिसेल याची खात्री कुणी देत नव्हतं. आणि आता सगळं अडलं होतं ते पूजेतल्या एका पान्यावरून. मी घरात गेले. चप्पल काढली, देवाला मनात म्हटलं की काय करायचं ते मला कर, आणि झेंडू बाजूला करून पाना उचलला. तो शेजारच्या पान्याला लागला आणि ठण्णकन वाजलं.

बाहेरून अण्णांचा आवाज आला, ‘कुठला काढलास?’

मी जागच्या जागी उभी राहिले. त्रेपन्न वर्षांची बाई, पण पेन्सिल चोरणारी पोरगी झाले होते.

‘कुठला म्हणजे?’

‘त्यो न्हवं. आवाज बारका आला. हेडच्या नटाला बसत न्हाई त्यो. त्येच्या उजव्या अंगाचा बॉक्स पाना आण.’

‘पूजेतला काढलेला चालतोय काय?’ मी विचारलं.

‘न्हाई चालत,’ अण्णा म्हणाले. ‘आण. आन हळदी-कुंकू पुसू नको.’

मी पाना आणला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला. मग टोपी घातली आणि सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

पेट्रोलची टाकी मी उतरवली. नट मीच आवळणार होते, पण त्यांनी माझा हात बाजूला केला. बसायला पाट मागितला, इंजिनला खेटून बसले आणि बोटांनी एकेक नट शोधला. समोरचा आवळला की तिरका मागचा, मग दुसरा समोरचा. पहिल्याच नटाला पाना चांगला फिरला. ‘बघ, ढिला हुता,’ ते मला म्हणाले. दुसऱ्यांदा फेरी मारताना पाना कुठंच फिरला नाही, नुसता टकटक करून थांबत होता. मग बाजूचं झाकण काढून टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या काड्यांची फट. आतल्या काड्या दोन बोटांत धरायच्या. काडी बोटात फिरली पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. सगळं माप बोटांतच. एका काडीला त्यांनी तीनदा कमी-जास्त केलं आणि मला हात लावायला लावला. मला काहीच फरक कळला नाही. मी ‘बरोबर आहे’ म्हणाले, तर म्हणाले, ‘तुला काय कळतंय? अजून जरा हाय.’

ते वाकून बघत नव्हते. मान सरळ, तोंड कंपाउंडच्या भिंतीकडं, आणि हात आपले आपण काम करताहेत. मला अभिमान वाटला. कसलेला कामगार असाच असतो, असं मी मनात म्हटलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी जे बघत होते ते आई गेल्यापासून बघितलं नव्हतं. कुणीतरी त्यांना काम दिलं होतं.

झाल्यावर मी टाकी चढवली. पान्याच्या दांड्यावरचं तेल त्यांनी स्वतः पुसलं आणि पाना मला परत जागेवर ठेवायला लावला, फूल वर ठेवून. मिस्त्रींना फोन करून सांगितलं की झालं. ते म्हणाले, ‘अण्णांनी आवळलं? मग मी येऊन काय करू? जावा तुमी.’

साडेबारा वाजता आम्ही निघालो. अण्णा मागं, एक हात कठड्यावर, एक माझ्या खांद्यावर. रस्त्यावर ट्रॅक्टर, टेंपो, जेसीबी, सगळ्यांच्या नाकावर झेंडूच्या माळा. उचगाव मागं पडलं तसं वाहनं कमी झाली. नवं बेरिंग अजून रुळायचं होतं म्हणून मी सावकाशच चालवत होते. गाडी एकदासुद्धा अडखळली नाही. ओढ्यातून पाणी उडवत गेलो, ढेकळांच्या वाटेवर अण्णा चालताना पडले होते तिथंही पडलो नाही, आणि आमच्या बांधाला येऊन मी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं.  मी वेळेत आणलं, असं मला वाटलं. दसऱ्याच्या दिवशी, उन्हात, डोळा असताना आणलं.

अण्णा माझ्या खांद्याला धरून उतरले. दोन पावलं पुढं गेले. टोपी सारखी केली, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि मान वर करून समोर बघत म्हणाले, ‘झ्याक आलाय की ऊस.’

ऊस त्यांच्या पाठीमागं होता. ते ज्याच्याकडं बघत होते ते शेजाऱ्याचं रान, आणि त्यावर उन्हाळ्यातच प्लॉट पाडून लाल मुरूम टाकला होता. गवताची काडी नव्हती तिथं.

 त्यांनाच माझी शांतता कळली असावी.

‘कुठल्या अंगाला हाय?’ त्यांनी विचारलं.

‘कधीपासून, अण्णा?’

‘गणपतीच्या आधीपास्नं. उजेड कळतोय. बाकी न्हाई.’

‘मी रोज विचारत होते!’ मी ओरडले. ‘सकाळ-संध्याकाळ विचारत होते. दिसतंय की म्हणत होता. डॉक्टरांची तारीख पुढं ढकलायला लावलीत. का सांगितलं नाहीत?’

‘वरडू नको. सांगितलं असतं तर तू गाडी टाकून दवाखान्याच्या मागं लागली असतीस. डॉक्टरनं आधीच सांगितलंतं, गेल्यालं परत येत न्हाई. आन मिस्त्रीला म्हणली असतीस, ऱ्हाऊ दे आता, कशाला घाई. मग गाडी तिथंच सडली असती. तुला चालवायची हाय ती. तुझी अजून लई वर्सं हायत.’

मला इतका राग आला होता की मी बांधावर पाय आपटला. मग रडले. सगळ्या शनिवारची भांडणं, ती तारीख, सकाळचं ते देवाला म्हणणं, सगळं डोळ्यांतून आलं. अण्णा हात पुढं करून चाचपत आले. हात आधी गाडीच्या हँडलला लागला, मग माझ्या डोक्याला. तिथं ठेवून ते उभे राहिले.

‘आक्का,’ ते म्हणाले, ‘इथवर आणलंस तर सांग तरी. काय काय हाय?’

मी नाक पुसलं. त्यांचे खांदे धरून त्यांना उसाकडं वळवलं आणि सांगायला लागले. ऊस माझ्या डोक्याच्या वर दोन हात गेलाय. पानं हिरवी आहेत, खालची वाळलीत. ‘पाचट काढलं न्हाई त्येनं,’ अण्णा म्हणाले. ओढ्याच्या कडेला तुमची जांभळ आहे तशीच आहे. ‘जांभळ न्हवं, उंबर हाय त्यो. विज्ञान शिकवतीस आन झाड कळत न्हाई.’ आणि त्या खालच्या तुकड्यात काहीतरी पिवळं पडलंय, मी म्हणाले, रोग आला असावा.

‘दाव,’ ते म्हणाले.

मी त्यांना हाताला धरून खाली नेलं. त्यांनी एक शेंग चिमटीत घेतली, कानाजवळ नेऊन हलवली आणि फोडली.

‘सोयाबीन हाय. रोग कसला, पिकल्यात शेंगा,’ ते म्हणाले. ‘उद्या काढणीला माणसं सांगाय पायजेत.’